सातवी रांग

रोलर निवडायचा तर आधी रंग विसरा,
असं मी सगळ्यांना सांगतो.
ब्रेमरहाफेनच्या या दुकानात, सातव्या रांगेत,
एकोणीस वर्षं हेच सांगत उभा आहे.
रंग डोळ्यांचं काम. रोलर भिंतीचं.

गुळगुळीत गिलाव्याला आखूड लव,
सहा मिलिमीटर, फार तर आठ.
साध्या भिंतीला दहा-बारा.
स्पंज दारांना ठीक, भिंतीवर तो बुडबुडे सोडतो
आणि ते तसेच वाळतात, देवीच्या व्रणांसारखे.
स्वस्तातला घ्याल तर केस गळतील,
ओल्या रंगात बसतील, आणि पुढे वर्षभर
जेवताना तुमची नजर नेमकी त्या एका केसावर जाईल.

टिडेमान बाई आल्या मंगळवारी,
दुकान बंद व्हायला वीस मिनिटं असताना.
घर सोडतायत. करारात लिहिलंय,
भिंती पांढऱ्या करून द्याव्यात,
म्हणजे इथे कुणी राहिलंच नव्हतं अशा.

"भिंत कशी आहे?" मी विचारलं.
"पांढरी," म्हणाल्या. मग, "होती. हार्म सिगारेट ओढायचा."
"रंग नाही विचारत. हाताला कशी लागते?"

बहुतेक लोक इथे अडतात.
तीस-तीस वर्षं त्याच भिंतीला टेकून बसलेली माणसं
खांदे उडवतात, फोनमधला फोटो दाखवतात.

बाईंनी पर्स खाली ठेवली. डोळे मिटले.
उजवा हात खांद्याइतका उचलला
आणि रांगेच्या मधोमध, हवा चाचपत,
सावकाश चालू लागल्या.
"दारापासून खरखरीत. भरडलेल्या जवासारखी.
इथे कागदाचा सांधा.
इथे एक मोठी कपची, ती बोटाला लागली
की निम्मं अंतर झालं.
मग बटणापाशी..."
हात थांबला.
"इथे काहीच नाही. गुळगुळीत."

हार्मला शेवटी शेवटी उजेड सहन होत नव्हता.
दिवा न लावता, रात्रीतून चारदा, पाचदा,
दीड वर्ष.
तेवढ्यात भुशाचा कागद झिजतो का,
हे मला या धंद्यात कुणी विचारलं नव्हतं.
झिजत असावा.

मी अठरा मिलिमीटरचा दिला, लांब लवेचा.
भुशाच्या कागदाला तोच,
खाचाखोचांत शिरतो, रंग धरून ठेवतो.
दाबू नका म्हटलं, फिरू द्या त्याला त्याच्या वजनाने.
आणि त्या बटणाजवळच्या जागेसाठी
आखूड लवेचा एक छोटा, तळहाताएवढा, चार युरोचा.
लांब लव तिथे ओघळ आणेल.
सल्ला प्रामाणिक होता.

अकरा दिवसांनी छोटा परत आला.
वेष्टनात, कोरडा, पावतीसकट.
"अनामतीतून ऐंशी युरो कापले त्यांनी,"
बाई म्हणाल्या, आणि गालातल्या गालात हसल्या,
बाजारात घासाघीस जिंकून आल्यासारख्या.

परतीच्या अर्जात कारणांचे तीन चौकोन असतात:
सदोष, चुकीचं माप, इतर.
मी जरा थांबलो,
मग 'चुकीचं माप'वर खूण केली
आणि खाली सही, माझी.

मागे एकजण कधीचा उभा होता.
त्याला दारासाठी स्पंज हवा होता.