तिसरी रांग

टल्सात गारपीट होऊन तीन आठवडे झाले होते.
डीलरच्या अंगणात झेंडे फडफडत होते,
आणि निळीच्या बॉनेटवर देवीचे व्रण असावेत तसे
बारीक खळगे. त्यांचे नऊशे डॉलर कमी.
पांढरी तेव्हा शेडमध्ये होती. चेहरा स्वच्छ,
किंमतीचा रुबाबही तसाच.

विश्रामने चौकटीची वही आणली होती.
मधोमध रेघ. डावीकडे निळी, उजवीकडे पांढरी.
गॅलनला सतरा मैल, गॅलनला अठरा.
ओढायची ताकद
(आम्हाला ओढायचं काहीच नाही, तरी लिहून घेतलं).
तो टेपने डिकी मोजत होता
आणि डेल नावाचा विक्रेता दुसरं टोक धरून उभा,
तोंडात दालचिनीचं च्युइंगगम.

"आखूडशिंगी, बहुदुधी," मी म्हटलं.
काय म्हणाल्या, डेलनं विचारलं.
विश्रामने इंग्रजीत सांगितलं, तिला पांढरी आवडली.
मला आवडली नव्हती.

मग जुन्या गाडीतून त्यानं ढोल काढला.
गणपतीत आम्ही सहा ढोल नेतो
कम्युनिटी कॉलेजच्या पार्किंगपर्यंत, दोन खेपांत,
दुसऱ्या खेपेला नेहमी मी.
सहा ढोल, एक ताशा, उरलेल्या जागेत माणसं,
हा हिशेब कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता.
डेलनं परवानगी मागून टिपरूचा एक ठोका दिला.
पलीकडे कर्जाचे कागद भरणारं जोडपं दचकलं.

पांढरीत ढोल गेला, पण दार लागेना.
निळीत आडवा गेला.
"तू मागे बस," विश्राम म्हणाला, "बघू किती जागा उरते."

मी तिसऱ्या रांगेत शिरले,
आधी पाय, मग खांदा, मग वाकवलेली मान.
गुडघे हनुवटीपाशी, कडेला ढोल,
सत्तेचाळीस वर्षांची बाई लपाछपी खेळतेय.
तिथून पुढची सीट भलतीच लांब.
विश्रामचं मागचं टक्कल
एवढं पसरलंय, मला ठाऊक नव्हतं.
समोरासमोर जेवताना ते दिसत नाही.

त्याचा जबडा हलला. बोलला असणार.
पथकात अकरा वर्षं झाली,
माझा उजवा कान बिनपगारी रजेवर आहे.
घरी मी नुसतं हं म्हणते.
तोही आताशा एकदाच सांगतो.

डेलनं पडद्यावर कुठलंसं बटण दाबलं,
आणि छतातून, डाव्या कानाच्या अगदी जवळ,
विश्रामचा आवाज आला,
घसा खाकरून, अनोळखी माणसाला फोन लावावा तसा:
"ऐकू येतंय का?"

मी ढोलाच्या पानावर हात ठेवला.
"येतंय," म्हटलं.
"काय?"
त्या बटणाला परतीची वाट नव्हती.
पुढचं मागे जातं, मागचं पुढे नाही,
डेलनं जरा ओशाळून सांगितलं.

मग मी पानावर एक थाप दिली.
आरशात त्याचे डोळे
इकडे तिकडे करत मला सापडले.

उद्या कळवतो, म्हणून निघालो.
गाडी मी चालवत होते.
तो उजवीकडे, रजेवरच्या कानाशी,
वही मांडीवर, पेन्सिल दातात.
काहीतरी म्हणाला.
हं तोंडापर्यंत आलं होतं.
सिग्नल लाल झाला तशी मी मान पूर्ण वळवली.
"पुन्हा सांग."

"आपलं वळण," तो म्हणाला,
"मागेच गेलं."