सेव्हनला चालेल का

लॅमिंग्टन रोडवर पाच दुकानांत विचारलं,
"सेव्हनला चालेल का?"
चौघं हसले. एकाने तर माझ्या चष्म्याकडे बघत
हप्त्यावरचा लॅपटॉप पुढे केला.
पाचवा, तौसीफ, हसला नाही.
"मशीनच का नाही बदलत, मॅडम?" एवढंच म्हणाला.

सांगितलं त्याला:
मशीनच्या पाठीला एक लॉक आहे,
पंचवीस पिनांचं, काडेपेटीएवढं.
ते काढलं की माझी मराठी बंद.
सगळे फॉन्ट, सगळी जोडाक्षरं,
एकोणीस वर्षांत बसवलेल्या मुंजी, बारशी, दशक्रिया,
सगळं त्या काडेपेटीला विचारून उघडतं.
ज्यांनी ते बनवलं त्यांचा फोन आता लागत नाही.
आणि नव्या मशीनला
ते खोचायला भोकच नसतं.

त्याने खालचा कप्पा उपसला.
एक डबी काढली, धूळ पँटीला पुसली.
"हे डोंगल सेव्हनला चालतं. ड्रायव्हर सीडीवर आहे."
माझा सीडी ड्राइव्ह कधीपासूनचा
तोंड उघडतो, गिळत नाही.
ड्रायव्हर नेटवरही आहे,
पण नेट यायला ड्रायव्हर हवा.
किल्ली कपाटात, आणि कपाटाला कुलूप.
तौसीफने तो माझ्या पेनड्राइव्हवर भरून दिला.
त्याचे पैसे घेतले नाहीत.

कन्नमवार नगर. बाहेरच्या खोलीत राउटर,
आतल्या खोलीत मशीन,
मध्ये भिंत, भिंतीला लागून लोखंडी कपाट,
ह्यांना कारखान्यातून सवलतीत मिळालेलं.
विक्रोळीतच घडलं,
आणि विक्रोळीतल्याच लहरी अडवत उभं.
दोन रेघा यायच्या. एक. मग पिवळा त्रिकोण.
डोंगल पुढून काढून मागे लावलं,
लॉकच्या शेजारी.
एक कुणाला आत येऊ देत नाही,
दुसऱ्याला बाहेर जायचंय.
दोघांचं पटेना.

रात्री नऊला तौसीफला फोन केला.
"दर दहा मिनिटांनी जातं? मॅडम, मशीनच त्याला झोपवतंय,
वीज वाचवायला.
डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा,
शेवटच्या पानावर एक टिक असेल, काढा."
काढली.
रिकाम्या खोलीतला दिवा घालवायची सवय
मलाही आहे. मशीनला नावं ठेवली नाहीत.

राहिलं कपाट.
ते हलवायला चार माणसं लागतात, आता घरात मी एक.
मग तीन मीटरची वायर आणली,
स्टुलावर चढले,
आणि डोंगल नेऊन बसवलं
कपाटाच्याच डोक्यावर,
जुन्या पातेल्यांच्या आणि एका सुटकेसच्या मध्ये.
चार रेघा.
खाली उतरून पुन्हा पाहिल्या. चारच.

पहिली पत्रिका गेली ती हेमलता आणि ऋग्वेद यांची.
भांडुपच्या प्रेसला.
एरवी पेनड्राइव्ह रुमालात बांधून बसने जायचे,
अर्धा तास, कधी पाऊण.
आता बटण दाबलं आणि गेलीसुद्धा.
चहाचं आधण ठेवायच्या आत
घरतांचा मेसेज आला:
"मिळाली. बाई, आशीर्वादातली दुसरी वेलांटी
पहिली कशी झाली? तुमच्याकडून?"

माझ्याकडूनच.
मग लक्षात आलं:
बसमध्ये खिडकीशी बसून
प्रिंट मांडीवर घेऊन वाचायचे मी,
शेवटच्या स्टॉपपर्यंत एकेक अक्षर.
चुका तिथे सापडायच्या, घरी नाही.

आता पत्रिका झाली की कागद काढते,
पेन्सिल घेते, पायातल्या सपाता काढत नाही,
दाराशी खुर्ची ओढून बसते.
अर्धा तास.
कपाटावर हिरवा ठिपका लुकलुकत असतो,
निघायचं का, निघायचं का.
त्याला म्हणते, थांब जरा,
भांडुप यायचंय अजून.