पाद्री आणि शिमीट

आवेलिना स्विंडनला निघाली तेव्हा
घराच्या चाव्या तिनं भावाकडे ठेवल्या,
शिवणाचं मशीन चर्चला दिलं
आणि ससे आम्हाला.
कुंभारजुव्याहून माशेलपर्यंत ते आले
टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात,
रिक्षाभर हूं की चूं नाही.

काळा, गळ्याशी पांढरी पट्टी, तो पाद्री.
करडा तो शिमीट.
"पाद्री मोगाळ," ती म्हणाली, "शिमीट मातसो पिसो."
एवढीच माहिती. सोबत एक पिशवी वाळलं गवत
आणि कुरतडून अर्धा उरलेला लाकडी डाव.

हट्ट मिथिलाचा होता.
आठ दिवस तिनं त्यांना मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला.
नवव्या दिवशी हातावर तीन ओरखडे,
आणि तिला एकदम बॅडमिंटनची आठवण झाली.
उरले मी. आणि मुळ्याचा पाला.

कुत्रा विचारल्याबरोबर सगळं सांगून टाकतो.
मांजर निदान अपमान तरी करते.
ससा नुसतं नाक हलवत बसतो,
चर्चला दिलेलं ते मशीन
अजून कुठेतरी चालूच असावं तसं.

मग मी जमिनीवर बसायला शिकले.
पेपर उघडायचा, पाय पसरायचे,
त्यांच्याकडे चुकूनही बघायचं नाही.
चौथ्या की पाचव्या दिवशी,
मरणाच्या बातम्यांपर्यंत पोचले होते,
टाचेला काहीतरी गार, ओलं टेकलं.
शिमीट. वेडा म्हणून सांगितलेला.
त्यानं माझ्या टाचेवर हनुवटी घासली,
मग खुर्चीच्या पायावर,
मग गॅसच्या सिलिंडरवर.

मी फोंड्याच्या डॉक्टरांना सांगितलं, लळा लागला हो.
ते हसले. "लळा कसला, मालकी ती.
तुमच्या घराचा एक-चौदाचा उतारा
त्याच्या नावावर झाला असं समजा."
मग पाद्रीला उताणं धरून चष्मा वर केला:
"आणि ही बाई आहे."

नाव बदललं नाही.
चार वर्षं ज्या नावानं भाजी मिळाली
ते कोण सोडतं?
पण तेव्हापासून तिच्या रागाला मी रीतसर मान देते.
पोदेराचा भोंपू वळणावर वाजला
की मागचा पाय लादीवर: धप्प.
माझ्या निळ्या सपाता तिला खपत नाहीत,
ओढून दाराबाहेर नेते.
कोथिंबीर आधी तिला, मग शिमीटला,
आणि दांडे आधी नव्हेत, पानं आधी.
वायफायची वायर तिनं एका रात्रीत निकालात काढली.
मिथिला रडली. मी आतल्या खोलीत जाऊन हसले.

मोगाळ कुठे होती ती?
मे महिन्यात, वीज गेलेल्या एका दुपारी
बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून मी दोघांमध्ये ठेवली.
पाद्री आली, वास घेतला,
आणि धाडकन कुशीवर कोसळली.
मला वाटलं, गेली.
तोंडातून आवाज फुटेना.
तिनं एक डोळा उघडून पाहिलं,
काय झालं म्हणून,
आणि परत मिटला.
मी दोन डोळ्यांच्या मधोमध बोट फिरवलं.
दातांवर दात, बारीक,
ओल्या वाळूवरून कुणी अनवाणी चालत जावं असा आवाज.
कुणी बघत नव्हतं म्हणून असेल.
वीज आली, पंखा फिरला,
ती उठून सपातांकडे गेली.

रविवारी आवेलिनाचा व्हिडिओ कॉल.
अंगात जाड कोट, मागे गोदामाची भिंत.
"पाद्री! शिमीटा! हांव गे, हांव!"
पाद्रीनं पाठ फिरवली.
शिमीटचा एक कान वळला, अर्धा,
आणि जागच्या जागी राहिला.
"म्हाका वळखतात मगे?"
"तर काय," मी म्हणाले, "दोघंही."

फोन काळा झाल्यावर लादीवर तसाच राहिला.
शिमीट आला,
काचेवर हनुवटी घासली,
एकदा, मग परत एकदा.
काय नावावर करून घेतलं त्यानं
ते मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.