दाखल क्रमांक ११४७

पुठ्ठा तिसऱ्यांदा निसटलाय.
नाण्यांच्या चवडीवर उभा असलेला कोटातला माणूस
आता गुडघ्यांखाली नाहीच.
वार्षिक मोजणीत मी दरवर्षी लिहिते, 'जीर्ण',
आणि दरवर्षी कपाटात परत ठेवते,
कारण डिचोलीच्या या वाचनालयातून
याच्याइतकं कोणी फिरलेलं नाही,
खुनाच्या कादंबऱ्यासुद्धा नाहीत.

तारखांची चिठ्ठी बघा.
खाणी धडधडत होत्या तेव्हा महिन्याला दोन शिक्के.
खाणी बंद पडल्या तेव्हा चार.

'मिळकतीचा दहावा वाटा आधी स्वतःसाठी काढा'
या ओळीखाली पेन्सिल, निळं, लाल,
आणि एक रेघ हिरवी, ती उल्हास च्यारीची,
पंचायतीत कारकून, पण पेन साहेबाचं.
समासात कुणीतरी बारीक अक्षरात:
दहावा काढला. नऊ पुरेनात.

सगुण गावसनं हे नेलं
पहिल्या टिप्परची आगाऊ रक्कम भरली त्या आठवड्यात.
मागच्या फाळक्यावर वाक्य रंगवून घेतलं,
पिवळ्यावर लाल, शुद्धलेखनाच्या एका चुकीसकट:
पैशाला कामाला लावा.
नंतर तो टिप्पर फणसाखाली उभाच राहिला.
टायर बसले. चाकांतून तवशीचा वेल वर चढला,
फाळक्यावर पसरला, 'पैशाला' झाकलं,
'कामाला लावा' मात्र बरेच दिवस दिसत होतं.
प्रेमावतीनं त्या तवशी बुधवारच्या बाजारात विकल्या.
दहावा वाटा काढला का,
ते मी तिला विचारलेलं नाही.

सगुण पुस्तक घेऊन आला नव्वद दिवस उशिरा.
'दंड सरळ व्याजानं की चक्रवाढ?' म्हणाला,
'प्रकरण सहावं पाठ आहे माझं.'
आणि स्वतःच इतका हसला
की वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

पान एकसष्टवर सांगितलंय,
इच्छा कागदावर लिहा, सकाळ-संध्याकाळ वाचा.
लोक लिहितात. पुस्तकातच विसरतात.
माझ्या खणात त्यांचं पाकीट आहे:
दुसरा टिप्पर.
पर्वरीला ब्लॉक, दोन खोल्या पुरे.
सायलीचं नर्सिंग.
सोसायटीचं कर्ज नील.
एक कोरी, चार घड्या घातलेली.
त्यांतल्या दोन खऱ्या झाल्या हे मला ठाऊक आहे.
पुस्तकामुळे का, ते पुस्तकालाच विचारा,
ते हो म्हणेल.

मीही वाचलंय.
मानधन चार महिने थकलं होतं,
वीज गेलेली, मेणबत्ती डबीच्या झाकणावर.
आणि त्या छापील माणसानं मला सांगितलं,
सगळं तुमच्या हातात आहे.
इतक्या वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं,
ना सरकार, ना सासर.
मी खरंच हात उघडून पाहिले.
डिंक लागला होता.

दुसऱ्या दिवशी दोनशेचं आवर्ती खातं उघडलं.
ते अजून चालू आहे.
त्यातून एकदा छपराची कौलं परतली,
एकदा नवऱ्याच्या मुतखड्याला सगळं गेलं,
पुन्हा दोनशेपासून सुरू.
म्हणून मी या पुस्तकाला खोटं म्हणू शकत नाही,
आणि खरं म्हणताना
जीभ थोडी अडते.

काल माजिकांची संयुक्ता आली,
पणजीच्या कॅसिनोतली रात्रपाळी संपवून,
छातीवर नावाची पट्टी तशीच.
'हे चांगलं आहे?'
मी म्हटलं, पहिली साठ पानं खरी आहेत.
त्यापुढे लेखक कधी आजारी पडत नाही.
त्याचं कोणीच आजारी पडत नाही.
त्याच्या गावातलं काही बंद होत नाही.
'रोज बघते मी,' ती म्हणाली,
'कसं यायचं आणि कसं जायचं ते.
साचतं कसं, तेवढंच वाचायचंय.'

चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. नवी डकवली.
ती ओली असतानाच शिक्का मारला, थोडा फिसकटला.
दारात थांबून तिनं पुठ्ठा उजेडात धरला:
'याचे पाय कुठे गेले?'
झिजले, मी म्हटलं,
लोकांच्या हातांनी.