ग्रीक अक्षरांसाठी सोडलेली जागा

दांडिया बाजारात माझं दुकान होतं :
दोन रेमिंग्टन, एक स्टूल,
आणि सारखा नाही-नाही म्हणत मान हलवणारा पंखा.
टिपणीसबेन पहिल्यांदा आल्या अडुसष्ट साली.
कापडी पिशवीत प्रबंधाचं बाड, वर मेथीची जुडी.
म्हणाल्या, खोपकर, जिथे चिन्ह येईल
तिथे चार ठोके रिकामे सोडा.
मी हाताने भरीन.

सोडले.
चाळीस वर्षं सोडत आलो.
पैसे मात्र पुऱ्या ओळीचे, तेही त्यांच्याच सांगण्यावरून :
रिकाम्या जागेलाही मजुरी असते.

दर दोन पानांआड लॅटिनमधले तेच दोन शब्द.
एकदा विचारलं.
म्हणाल्या, बाकी सगळं जिथल्या तिथे आहे
असं क्षणभर धरून चालायचं.
तेवढ्यात वीज गेली,
समोरच्या भजियावाल्याचा स्टोव्ह भडकला,
आणि घरून पोरगा धावत आला, आई बोलावतेय,
तिसऱ्याची वेळ झाली.

विलायतेहून लेख परत आला. तीन ओळींचं पत्र.
“म्हणतात, भारताचे आकडे भरवशाचे नाहीत.
जसं काही मी भारत घरी घालते, लोणच्यासारखा.”
पुन्हा टाइप केला. पुन्हा.
चौथ्या खेपेला छापून आला
तेव्हा माझ्या टेबलावर लीला चिवड्याची पुडी,
आणि त्या निघूनही गेल्या होत्या,
घुमटाखालच्या वर्गात, अकराचा तास.

चौऱ्याहत्तरात विचारलं, तेल कधी उतरेल हो?
बराच वेळ गप्प.
“उतरेल असं लोकांना वाटायला लागेल, तेव्हा.”
घरी सांगितलं.
बायको म्हणाली, मग वाटून घ्या तुम्ही,
मी तोवर फोडणी थांबवते.

त्यांचा धाकटा भाऊ, श्रीरंग,
गोरव्याच्या कारखान्यातून कमी झाला
त्या महिन्यात मी तक्ता चौथा करत होतो.
बेरोजगारी, टक्के, दशांशापुढे दोन घरं.
शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
श्रीरंग इथे आहे.
मग बोट उचललं.
“नाही. याच्याही पुढे.
तितकं आम्ही लिहीत नाही.”

पुढे दिल्लीची समिती.
रात्रीची गाडी, थर्मास, अहवालात चौदावं नाव.
महागाईचं भाकीत चुकलं, चांगलंच चुकलं.
त्यांच्याच हाताखाली शिकलेला एकजण
पेपरात बोलला, जुन्या वळणाचं गणित.
त्यांनी मला एक पान दिलं,
मथळा : माझा अंदाज कुठे आणि किती चुकला.
मागितलं कोणीच नव्हतं.
तीन प्रती काढल्या. एक विभागाच्या फलकावर
आठवडाभर, एकाच टाचणीला, पंख्याच्या वाऱ्यात.

मग संगणक आले. ग्रीक अक्षरं त्यांच्या पोटातच असतात.
मी झेरॉक्सचं मशीन घेतलं,
एक रेमिंग्टन मोडीत दिलं, दुसरं चादरीखाली.
ते चादरीखालचं त्यांच्यासाठी, हे दोघांनाही ठाऊक,
बोललो कधी नाही.

निवृत्तीनंतर दर शनिवारी खंडेराव मार्केट.
आलं, सुरण, डझनभर केळी,
भाव लिहायचे, निम्म्या वेळा घ्यायचं काहीच नाही.
भाजीवाल्या समजायच्या, म्युनिसिपालटीच्या बेन.
वह्या अकरा भरल्या.
यातून काही सिद्ध होत नाही, म्हणायच्या,
आणि बारावी विकत घ्यायच्या.

शेवटचा कागद आणला तेव्हा हात कापत होता.
बशीत चहा सांडला, दोघांनी पाहिलं नाही.
समीकरण एकच. टोकाला चार ठोके.
“ते आता तुम्हीच भरा, खोपकर.
उलटा तीन काढायचा. इतकी वर्षं पाहिलाय की.”
पाहिला होता. विचारला मात्र कधी नव्हता.
काय असतो हा?
“मला जे कळलं नाही, ते सगळं.”

मी पेन झटकलं.
श्वास धरून काढला.
जागेच्या मानाने जरा मोठाच आला.
चष्मा वर करून बघितलं त्यांनी,
म्हणाल्या, असू दे.