इंटरव्हलनंतर

साडेबारा टक्क्यांतला प्लॉट विकून
हसुरामकाकांनी पिक्चर काढला.
गोठिवलीत तोवर लोकांनी जीप काढली होती, बार काढला होता,
एकाने तर दात काढून
सगळेच्या सगळे सोन्याचे बसवले होते.
पिक्चर कुणी काढला नव्हता.

हिरो त्यांचा मेव्हणा, पदाजीमामा,
वय त्रेचाळीस, कॉलेजात शिकणारा.
हिरोइन कल्याणची. नवव्या दिवशी
पैशांवरून भांडून ती गेली,
म्हणून पुढचा सगळा पिक्चर ती पाठमोरी आहे
आणि ती पाठ माझ्या थोरल्या भावाची आहे.
व्हिलनची मिशी पुलाच्या ह्या टोकाला जाड,
त्या टोकाला बारीक.
नाग होता. मेलेला आणला होता,
जिवंताचे गारुडी रोजचे तीनशे मागत होता.
मी रिफ्लेक्टर धरायचो, आणि दोनदा मेलो:
एकदा पोलीस म्हणून, एकदा गुंड म्हणून,
त्याच शर्टात.

ठाण्याची टॉकीज आठवडाभर भाड्याने घेतली.
पहिल्या दिवशी सहा टेम्पो भरून गाव निघालं,
विटाव्याला पुलाखाली अडकलं,
तरी वेळेत पोहोचलं.
तिथंच चुकलं.

काका दाराशी हात जोडून उभे.
नवी सफारी, खिशाला गुलाब,
मांडवात मुलीचा बाप उभा राहतो तसे.
आता त्या दारातून मध्येच बाहेर पडायचं कसं?

बसलो.
दोन तास एकावन्न मिनिटं.
डायलॉग आधी यायचा, ओठ नंतर हलायचे,
जणू आपण काय बोललो ते
पदाजीमामाला उशिरा कळत होतं.
बाया रडायच्या जागी हसल्या,
मग पदर तोंडात कोंबून रडल्यागत केलं.
सरपंचांनी पंखे मोजले. चौदा, त्यातले नऊ चालू.
बुवांनी अंधारात अख्खी जपमाळ ओढली, दोनदा.
धर्माआजा घोरायला लागला की
शेजारचा त्याला चिमटा काढायचा,
घोरणं दारापर्यंत जाऊ नये म्हणून.

सुटल्यावर एकेकाने काकांचा हात हातात घेतला.
"बरा झायलाय."
"फायटिंग चांगली."
"नाग अगदी खरा वाटला."
ग्रामसभेत कधी झाली नाही ती एकी
टॉकीजच्या त्या पायऱ्यांवर झाली.

एकटी जनीकाकी, त्यांचीच बायको,
इंटरव्हललाच उठली होती.
"जवला वालत घातलाय, कावलं खातील," म्हणाली
आणि नवऱ्यासमोरून, गुलाबासमोरून
सरळ चालत गेली.
त्या रात्री दोघं काय बोलली, माहीत नाही.
दुसऱ्या दिवसापासून काका शेवटच्या रांगेत
एकटेच बसायचे, तिन्ही खेळ.
प्लॉटवर आता सात मजले आहेत, खाली जिम.
काका जाऊन अकरा वर्षं झाली.

परवा रबाळ्याच्या एका भंगारवाल्याकडे
कॅसेट सापडली, अर्धीच.
पोरांनी ती मोबाइलवर चढवली,
मी काकीला दाखवायला घेऊन गेलो.
फोकस सगळा चुकलेला.
मामा धुरकट, भावाची पाठ धुरकट,
आणि मागचं, कुणीही न मागितलेलं, लख्ख:
खाडीचा बांध,
ओहोटीला चिखलात कलंडलेली होडी,
तिच्याशेजारी सुपात जवळा पाखडणारी एक बाई,
उजेड डोळ्यांवर आल्याने कपाळाला आठी घातलेली.
तो उजेड मामाच्या तोंडावर पडायला हवा होता.
रिफ्लेक्टर माझ्या हातात होता.

काकीने पदराने काच पुसली. बाईबद्दल काही बोलली नाही.
इंटरव्हलची पाटी आली, चित्र थांबलं.

"मंग पुरं काय झायलं रं?"

मी आठवायला लागलो.
पंखे आठवले.
थोरल्याला फोन लावला,
त्याला फक्त ब्लाउज काचत होता ते आठवत होतं.
काकी चष्मा न काढता
वाट बघत बसली होती.