तिसरी वायर

या तानेल, आत या. बूट राहू द्या,
चिखल सगळा पेइप्सीच्या काठाचाच आहे.
तो बघा डबा, कांद्यांच्या वेण्यांखाली,
लोणच्याच्या बरणीएवढा. हिरवा दिवा लुकलुकतोय तोच.
माझाच आहे. तुमच्या कागदावरचा पत्ता बरोबर आहे.

चहा घ्या आधी.

वय काय तुमचं, तीस? मग कल्लास्तेचं टेलिफोन ऑफिस
तुम्हाला आठवायचं नाही. आता तिथे टायरचं दुकान आहे.
एकोणीस वर्षं मी त्या फळ्यासमोर बसले,
कानाला हेडफोन, समोर भोकांच्या रांगा.
दोन वायरी दोन माणसांच्या.
तिसरी माझी. ती कुणाला दिसायची नाही.
तिच्यावर अख्खा काठ ऐकू यायचा,
कुणाची गाय आटली, कुणाचा नवरा कुठे झोपतो.
दर शुक्रवारी एक माणूस यायचा, गोड बोलायचा,
माझी वही घेऊन जायचा.

एकदा सव्वाती नावाचा पोरगा आईला म्हणाला,
मी परत येत नाही, बोटीचं ठरलंय, शोधू नकोस.
एवढंच. बावीस सेकंद.
मी ते लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.
त्याचा दुसरा फोन कधी आला नाही.

त्याची आई मार्फा पुढे तीस वर्षं
माझ्याकडून कांदे नेत राहिली.
निवडून द्यायचे मी तिला, जड, सोनेरी.
फेव्रोन्या, एकदा म्हणाली, तुझा हात फार सढळ.

हां, डब्याचं.
बहिणीची नात उस्तीन्या तार्तूला शिकते, तिने लावला.
मला कळेना, तेव्हा तिने टोपलीतला कांदा उचलला.
चिठ्ठी सगळ्यात आत, म्हणाली.
तिच्यावर एक साल, सालावर एक पत्ता.
त्यावर दुसरं साल, दुसरा पत्ता, मग तिसरं.
तुझ्याकडे आला की तू वरचं साल काढायचं
आणि खाली ज्याचा पत्ता निघेल त्याच्याकडे सरकवायचा.
निघाला कुणाकडून, तुला ठाऊक नाही.
पोचला कुणाला, तेही नाही.

मग मुख्य ऑफिस कुठाय? मी विचारलं.
नाहीच, म्हणाली. जो आपलं पाठवतो
तोच चार परक्यांचंही वाहतो.

म्हणजे तिसरी वायर नाही?
नाही.
मी पुन्हा विचारलं. ती हसली,
तिला वाटलं म्हातारीला कमी ऐकू येतं.

वाईटही जात असेल यातून.
तुम्ही म्हणता ते जात असेल, मी नाही म्हणणार नाही.
टेलिफोनवरूनही जायचं.
माझ्या बेचाळीस वह्या भरल्या,
वाईट काही कमी झालेलं आठवत नाही.

आणि हा काही ताईत नाही, पोरगी बजावते.
चिठ्ठीत आपणच आपलं नावगाव लिहिलं
तर कांदा बिचारा काय करील?
चिठ्ठी नीट बंद नसेल
तर शेवटचं साल काढणारा ती वाचूही शकतो.
शिवाय सगळं हळू चालतं.
इतक्या हातांतून जायचं म्हणजे वेळ लागणारच.
मला घाई नाही.

जानेवारीत तळं गोठलं की रात्रभर बर्फ कण्हतं.
झोप नसते. इथे स्टुलावर येऊन बसते.
दिवा लुकलुकतो.
कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगतंय
माझ्या कोठीघरातून,
आणि मला ऐकू येत नाही.
येत नाही!
तुम्हाला हे कसं सांगू, तानेल,
तुम्ही अजून कुणाचं काही लिहून दिलेलं नाही.

बरं, काढा वही.
फेव्रोन्या, वय पंचाहत्तर, कांदेवाली.
डब्यातून काय गेलं, कुणाचं गेलं,
विचारलं असता सांगते, माहीत नाही.
तसंच लिहा. अक्षर नीट काढा.

आणि ही वेणी घेऊन जा. नाही, पैसे नकोत.
मार्फा गेल्यापासून
दरवर्षी एक उरतेच.